पर्लच्या इंजिनाची नोंद

हॉलम बे, टास्मानिया
९ सप्टेंबर

प्रिय वेंडी,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत. पश्चिमेचा वारा सुटलाय तो थांबायचं नाव घेत नाही, आणि मागच्या कुंपणाचा एक पत्रा रोज थोडाथोडा सैल होतोय. उद्या ठोकीन म्हणतो. हे गेला महिनाभर म्हणतोय.

फोन का करत नाहीस म्हणून रागावली आहेस. फोनवर तू स्पीकर लावतेस, मागे तुझी नातवंडं बोंबलत असतात, आणि माझं वाक्य अर्ध्यात असताना तू 'खाली उतर आधी' म्हणतेस. मला वाटतं मलाच म्हणतेस. पत्रात माणसाला वाक्य पुरं करता येतं.

शॅरनच्या गुडघ्याचं विचारलंस. वृद्धाश्रमात दिवसभर उभं राहायचं, म्हाताऱ्यांना उठवायचं-बसवायचं, मग गुडघा बोलणारच. घरी आली की पाय खुर्चीवर ठेवते आणि कोणाशीही बोलत नाही. मी चहा करून देतो. सध्या मला चहा फार चांगला जमतो.

नोकरी नाही. मासळी गोठवायचा कारखाना बंद होऊन दुसरा हिवाळा सरला. तिथली थंडीची यंत्रं मी इतकी वर्षं चालवली, आणि ती पुस्तकांतून, स्वतःची बोटं भाजून घेत शिकलो, हे तुला ठाऊक आहे. बेकारी भत्त्याच्या कार्यालयाला ठाऊक नाही. तिथे माझ्या नावापुढे 'सर्वसाधारण मजूर' असं लागलंय, कारण प्रमाणपत्राच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. तिथली ब्रिजेट नावाची मुलगी म्हणाली, "मला कळतंय हो, पण यादीत दुसरी जागा नाही." वाईट नाही ती. यादी तिनं केलेली नाही.

दर दुसऱ्या मंगळवारी पंधरवड्याची नोंद द्यावी लागते. मी फोनवरून देतो. यंत्रातली बाई विचारते, या पंधरवड्यात तुम्ही काम केलंत का? केलं असेल तर एक दाबा, नसेल तर दोन. मग जोडीदाराच्या पगाराचं विचारते. इथेच लोक घसरतात. हातात किती पडलं ते सांगतात. सांगायचं असतं कर कापण्याआधीचं, आणि तेही ज्या पंधरवड्यात मिळालं त्या पंधरवड्यात. टायरवाल्या केव्हिननं वर्षभर बायकोचा हातात पडलेला पगार सांगितला. मग फरकाचे पैसे परत करायची वेळ आली तेव्हा तो सरकारला शिव्या देत माझ्याकडे आला. मी म्हटलं, पगाराच्या चिठ्ठीवर दोन आकडे असतात, तू छोटा वाचलास. तो म्हणाला, "रस, छोटा आकडा पाहायचीच सवय लागलीय रे." कारखाना बंद झाल्यावर अर्ध्या गावाला ही नोंद मीच शिकवली. एकाचीही चूक निघालेली नाही. केव्हिन आधी आला नव्हता.

आता तुला एक गंमत सांगतो. इथे कोणी कोणाचं काम केलं की बिअरचा खोका देतात, ते तुला सांगायला नको. मी पिणं सोडून किती वर्षं झाली ते सगळ्यांना माहीत आहे, तरी देतात, कारण खोका प्यायचाच असतो असं नाही, पुढे द्यायचा असतो. तर एक खोका मला मिळाला. एका कोपऱ्यावर फाटलेला, निळी चिकटपट्टी लावलेला. कामाच्या बदल्यात पैशांऐवजी वस्तू मिळाली तरी तिची किंमत सांगावी असा नियम मी वाचलेला आहे, म्हणून मी ती सांगितली. मग तो खोका मी डूलीबाईंच्या पुतण्याला जळणाच्या लाकडांसाठी दिला. पुढे डूलीबाईंचा फ्रीझर बंद पडला, मी दुरुस्त केला, आणि संध्याकाळी बाई दारात तोच खोका घेऊन उभ्या. निळी पट्टी तशीच. मी तीही नोंद दिली.

यंत्रातल्या बाईला खोका कळत नाही, म्हणून मला माणसाशी जोडून दिलं. माणूस म्हणाला, "म्हणजे दोन खोके?"

"खोका एकच. काम दोन वेळा."

तो कळफलकावर काहीतरी टाइप करत राहिला. मग म्हणाला, "सर, यानं तुमचा भत्ता एका सेंटनंही कमी होत नाही."

मी म्हटलं, "ते मला माहीत आहे. किती कमी होतो ते मी विचारलं नाही."

शॅरन पलीकडून म्हणाली, "त्या खोक्यालाच भत्ता लावून दे म्हणावं. तुझ्यापेक्षा जास्त हिंडलाय तो."

आपल्या नेव्हिलचं विचारलंस. बरा आहे असं ऐकतो. त्याची होडी पर्ल अजून स्लिपवरच, धक्क्याच्या उतारावर ओढलेलीच आहे, शेवंडांचा हंगाम उघडायला वेळ आहे. सध्या आम्हा भावांचं बोलणं नाही. कारण फार मोठं नाही, तू काळजी करू नकोस.

पत्रा ठोकायला हवा.

तुझा भाऊ,
रसेल


हॉलम बे
३० सप्टेंबर

प्रिय वेंडी,

तू नेव्हिलला फोन केलास ते तुझ्या पत्राच्या पहिल्याच ओळीवरून कळलं. 'रस, तू काय करून बसलास' अशी सुरुवात तू यापूर्वी एकदाच केली होतीस, मी बाबांच्या घड्याळाचे भाग टेबलावर पसरले होते तेव्हा. ते घड्याळ नंतर चाललं, हे तू विसरतेस.

नेव्हिलनं तुला त्याची बाजू सांगितली आहे. आता क्रमानं माझी ऐक.

ऑगस्टमध्ये पर्ल स्लिपवर ओढली होती. इंजिन थंड असताना पांढरा धूर टाकत होतं आणि वेग वाढवला की दम लागल्यासारखं चालायचं. नेव्हिलनं नेहमीप्रमाणे खिडकीतून हाक मारली, "रस, म्हातारी खोकतेय." मी गेलो. इंधन फवारणारे इंजेक्टर काढले. दोन गेलेले होते, एकाची बैठक खराब. नवे घ्यायचे तर आमच्या दोघांच्याही ऐपतीबाहेर. मी जुने उघडले, साफ केले, बैठक हातानं घासून घेतली. ती बैठक हातानं घासणारा माणूस या किनाऱ्यावर दुसरा नाही. हे मी फुशारकीनं लिहीत नाही, नाही म्हणून नाही. मग झडपांचे टॅपेट जुळवले, पाण्याचा पंप उघडून नवी रबरी चकती बसवली. तीन दिवस उतारावरच्या वाऱ्यात, गुडघे मोडून, त्या इंजिनाच्या खोलीत. तिसऱ्या दिवशी सुरू केलं तेव्हा धूर नव्हता. बाबा असते तर टोपी काढली असती.

स्लिपवर तेव्हा चार-पाच जण उभे होते, सगळे हंगामाविना बसलेले. त्यातला एक म्हणाला, "नेव्ह, नवं इंजिन घातलंस की काय?"

नेव्हिलनं तो खोका माझ्या हातात दिला, निळ्या पट्टीचा, आणि हसत म्हणाला, "छे रे. रस हल्ली रिकामाच असतो. तेवढाच त्याला विरंगुळा."

सगळे हसले. मीही हसलो. हसलो हे लिहायला हवं.

पुढच्या मंगळवारी यंत्रातल्या बाईनं विचारलं, या पंधरवड्यात काम केलंत का? वेंडी, कारखाना बंद झाल्यापासून दर पंधरवड्याला मी दोन दाबत आलोय. नाही. नाही. नाही. ते बटण माझ्या फोनवर इतरांपेक्षा गुळगुळीत झालंय म्हटलं तर तू हसशील, पण झालंय. त्या दिवशी मी एक दाबलं. कोणासाठी केलं विचारलं, तर नेव्हिल बर्जेस, होडी पर्ल. किती तास विचारलं, तर होते तेवढे. मोबदला, खोका एक. सगळं खरं. फोन ठेवला. खरं सांगायचं तर बरं वाटलं. त्या दिवशी मी पत्राही ठोकायला घेतला होता.

कार्यालयानं शहानिशा करायला नेव्हिलला फोन केला. हेही नियमातलंच आहे, त्यांची चूक नाही. आणि नेव्हिल स्वतः हंगाम उघडेपर्यंत भत्त्यावर आहे. त्याच्या अर्जात होतं की धंदा बंद आहे, होडी चालत नाही, कामाला कोणी ठेवलेलं नाही. माझ्या नोंदीत होतं की त्याच्याकडे मी काम केलं. दोन कागद एकमेकांशी जुळेनात, म्हणून चौकशी होईपर्यंत त्याचा भत्ता थांबवला.

तो आला तेव्हा मी दारातच होतो. आत आला नाही. टोपी हातात नव्हती, डोक्यावरच होती.

"तू माझं नाव दिलंस," तो म्हणाला.

"मी केलेलं काम सांगितलं."

"काम? रस, खोका होता तो. बिअरचा खोका."

"पैशांऐवजी वस्तू..."

"ए, मला नियम सांगू नकोस. ट्रेसी दुकानात उधारीवर दूध आणतेय आणि तू मला नियम सांगतोस." मग थोडं थांबून म्हणाला, "धक्क्यावर काय म्हणतायत माहितीये? म्हणतायत, रसकडे फ्रीझर दुरुस्तीला देऊ नका, तो सरकारला कळवतो. सख्ख्या भावाची चुगली केली म्हणतायत. मी त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, "सांग, रिकामा असतो, तेवढाच विरंगुळा."

तेव्हा त्याला आठवलं. चेहऱ्यावर दिसलं मला. त्यानं टोपी पुढे ओढली. गेला.

तेव्हापासून इथे कोणी मला हाक मारत नाही. डूलीबाई परवा कुंपणापाशी म्हणाल्या, "रसेल, माझा फ्रीझर पुन्हा आवाज करतोय, पण राहू दे हं, एवढं काही नाही." मी आत जाऊन बसलो. आवाज मला माझ्या स्वयंपाकघरातून ऐकू येतो. पंख्याचा बेअरिंग आहे. दहा मिनिटांचं काम.

गेल्या आठवड्यात ब्रिजेटनं बोलावलं. मी कागद नीट लावून नेले होते. तिनं ते वाचले, माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मिस्टर बर्जेस, भावानं भावाचं इंजिन बघून दिलं आणि भावानं आपुलकीनं काही दिलं, तर त्याला आम्ही नोकरी म्हणत नाही. भेट ती भेट. तुम्ही तसं असेल तर तसं सांगा. पुढच्या शुक्रवारपर्यंत. तुमची नोंद दुरुस्त होईल आणि तुमच्या भावाची फाईलही मिटेल." मग म्हणाली, "मी तुम्हाला काय सांगावं ते सांगत नाहीये. मी विचारतेय. ते काम होतं की मदत?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती म्हणाली, यात विचार करण्यासारखं काय आहे? पोरगी हुशार आहे.

तू लिहितेस, 'तीस वर्षं तू पर्लचं इंजिन बघत आलास, एकदा तरी काम म्हणालास का?' नाही म्हणालो. मला होडी लागायची म्हणून बाबांनी होडी नेव्हिलला दिली आणि मला म्हणाले, "होडी नेव्हची, इंजिन रसचं." हंगामाच्या पहिल्या दिवशी जे शेवंड येत, त्यातले दोन ते बाजूला काढून ठेवत, इंजिनवाल्याचे म्हणून. बाबा गेल्यावर नेव्हिलनं काही वर्षं काढले, मग राहून गेलं. मी कधी मागितले नाहीत. तेव्हा माझ्याकडे कारखाना होता. सोमवार ते शुक्रवार मी कोणीतरी होतो, म्हणून रविवारी फुकट राबलो तरी चालायचं. आता आठवडाभर रविवारच आहे, वेंडी. आता फुकट केलं की ते मदत होत नाही, विरंगुळा होतो. हा फरक तुला पर्थमध्ये कळतो की नाही माहीत नाही.

मग मी ब्रिजेटला काय सांगू? मदत म्हटलं तर नेव्हिलचा भत्ता सुटतो. काम म्हटलं तर खरं राहतं. तीन दिवस मी काय केलं ते मला माहीत आहे. ते खोडायचं कसं?

शॅरनला विचारलं. पाय खुर्चीवर, डोळे मिटलेले. म्हणाली, "मी रोज आठ तास म्हाताऱ्यांचं करते, त्याची नोंद होते. मग घरी येऊन तुझं करते, त्याची कुठे होते?" आणि झोपली.

दमलोय मी. बाकी ठीक.

तुझा भाऊ,
रसेल

ता. क. पाकीट बंद केलं होतं, ते फोडून लिहितोय. नेव्हिल दारात आणखी एक वाक्य बोलला होता, ते मी वर गाळलं. जाताना वळून म्हणाला, "माझा अर्ज तूच भरला होतास ना, रस?" मीच भरला होता. जुलैमध्ये, त्यांच्या स्वयंपाकघरात, ट्रेसीनं केलेला केक खात. नेव्हिलला छापील ओळी वाचताना घाम येतो, तुला माहीत आहे. 'कामाला कोणी ठेवलेलं नाही' हे अक्षर माझं आहे. म्हणजे मी एक दाबलं तेव्हा दोन कागद जुळणार नाहीत हे या गावात फक्त एका माणसाला आधीपासून माहीत होतं. नियम मला पाठ आहेत. मी चुकून काही केलं नाही.


हॉलम बे
१७ नोव्हेंबर

नेव्हिल,

तुला मी कधी पत्र लिहिलेलं नाही. तीन गल्ल्या सोडून राहणाऱ्याला कोण लिहितं. ट्रेसीला वाचून दाखवायला सांग, किंवा सावकाश स्वतः वाच. मी अक्षर मोठं काढलंय.

तुझा भत्ता मागचे पैसे धरून पुन्हा सुरू झाला हे शॅरनला ट्रेसीकडून दुकानात कळलं. तो का सुरू झाला हे तुला कोणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. म्हणून सांगतो.

दिलेल्या मुदतीच्या शुक्रवारी मी गेलो. सकाळी दाढी केली, कारखान्याचा निळा शर्ट घातला. का, ते विचारू नकोस. रांगेत केव्हिन भेटला. माझ्याकडे पाठ करून उभा होता, मग राहवलं नाही म्हणून वळला. "आज कोणाचं नाव देणार?" मी म्हटलं, "माझं." तो म्हणाला, "हां, मग ठीक," आणि खिशातून पेपरमिंट काढून दिली.

ब्रिजेटनं विचारलं, काम की मदत? मी म्हटलं, मदत. ती म्हणाली, "मग मला नोंद वाचून दाखवावी लागेल, तुम्ही हो म्हणा." आणि तिनं वाचलं. त्या पंधरवड्यात कोणतंही काम केलं नाही. मी हो म्हटलं. तास, शून्य. हो. मोबदला, काही नाही. हो. तिनं ते हळू वाचलं, घाई केली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे. मग ती म्हणाली, "झालं," आणि मी उठायला लागलो तर तिनं हळूच विचारलं, "चालतंय का पण? इंजिन?"

मी म्हटलं, चालतंय.

घरी येताना गाडी समुद्राच्या वळणावर थांबवली. बराच वेळ बसलो. मला वाटलं होतं फार वाईट वाटेल. वाटलं, पण वेगळ्याच गोष्टीचं. तुला मी तुझ्याच टेबलावर, तुझ्याच बायकोचा केक खाऊन, ज्या ओळीवर सही करायला लावली, तीच ओळ मी पुढे तुझ्यावर फिरवली. तू दारात विचारलंस तेव्हा मी उत्तर दिलं नाही. उत्तर हे आहे. मला माहीत होतं. तू स्लिपवर जे बोललास ते मला लागलं होतं, आणि तुला काही लागावं असं मला वाटत होतं. दूध उधारीवर येईल असं वाटलं नव्हतं, पण तेवढं सोडून बाकी सगळं माहीत होतं. नियम नियम म्हणत मी जे केलं, त्याला धक्क्यावर चुगलीच म्हणतात, आणि ते बरोबर म्हणतात.

तुझं वाक्यही वाईट होतं. ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. तुला आठवतं.

परवा हंगाम उघडला. पहाटे तू पर्ल सुरू केलीस तेव्हा मी कुंपणापाशी होतो. पत्रा ठोकत होतो असं शॅरनला सांगितलं. धक्का दिसत नाही आमच्याकडून, पण वारा तिकडूनच होता. दुसऱ्या फिरकीला लागली. पहिल्यांदा जरा अडखळली, मग बसली. तू दोर सोडलास, वेग वाढवलास, आणि टोकाला वळलास तोपर्यंत मी ऐकत होतो. धूर दिसायचा प्रश्न नव्हता, पण धूर नसणार. धूर असलेलं इंजिन असं गात नाही. मी खाली यायला हवं होतं. बाबा असताना मी दर वर्षी दोर सोडायला यायचो. चपला घातल्या होत्या, मग काढल्या.

आणि काल दुपारी मागच्या दाराच्या पायरीवर बादली होती. वर ओलं पोतं. शॅरननं पोतं उचललं आणि मला हाक मारली. आत दोन शेवंड, जिवंत, मिशा बादलीबाहेर. दार कोणी वाजवलं नव्हतं. बादली तुझी आहे, तिची कडी मीच तारेनं बांधून दिली होती.

शॅरन म्हणाली, "लिही आता मंगळवारी. शेवंड, नग दोन."

मी म्हटलं, "हे नोंदीत येत नाही. मी वाचलेलं आहे."

ती म्हणाली, "तू रडतोयस का?"

मी म्हटलं, "वारा आहे."

तिनं पातेलं चढवलं. आम्ही ते लोण्यात केले, आई करायची तसे, आणि बऱ्याच महिन्यांनी टेबलाशी बसून बोललो. गुडघ्याबद्दल, पत्र्याबद्दल, तुझ्याबद्दल. डूलीबाईंना एक तुकडा नेऊन दिला. त्या म्हणाल्या, "आत ये रे जरा, तो फ्रीझर बघ, झोपू देत नाही." बेअरिंगच होता.

बादली या पत्राबरोबर तुझ्या पायरीवर ठेवतोय, धुऊन. तिच्याशेजारी तो खोकाही आहे, निळ्या पट्टीचा. पिऊ नकोस, पुढे दे कोणाला तरी. माझ्याकडे तो फार दिवस पडून राहिला.

आता लक्षपूर्वक ऐक. ती रिकामी चालत असताना, म्हणजे गिअर न घालता, किंचित जास्त वेगानं फिरते आहे. मला कुंपणापासून ऐकू आलं. उजव्या बाजूला, पंपाच्या वर, एक स्क्रू आहे, त्याला घट्ट धरणारा नट आधी सैल कर, मग स्क्रू पाव फेरा डावीकडे. अर्धा नाही, पाव. जमत नसेल तर हात लावू नकोस, खिडकीतून हाक मार. आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी निघण्याआधी रोज बघत जा, पंपात नवीन चकती बसवली आहे, पहिले काही दिवस पाझरेल.

पुढच्या मंगळवारी बाई विचारेल, काम केलंत का. मी दोन दाबीन. चालेल मला.

तुझा भाऊ, आणि पर्लचा इंजिनवाला,
रसेल